कोणता विधी ठेवायचा यापेक्षा कोण कुठे बसणार, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही कोल्हापूरच्या, तो जळगावचा, दोघंही नोकरीला पुण्यात. जात वेगळी, पण दोन्ही घरं आता राजी आहेत. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची हवी आहे. लग्न पुण्यातच, अडीचशे माणसांत. आदल्या संध्याकाळी हळद आणि दुसऱ्या दिवशी चार-पाचपर्यंत सगळं आटोपायचं. खर्च तुम्ही दोघं मिळून करणार, नऊ लाखांच्या आत. कन्यादान तुम्हाला नको आहे आणि तो विषय निघाला की आई रडायला लागते. त्याचे वडील हयात नाहीत. त्यामुळे बोहल्याशी काका-काकू बसणार आणि त्याची आई मागे राहणार, असं त्याच्या घरी सगळ्यांनी धरून चाललंय. ते तुम्हा दोघांनाही खटकतंय. शेवटी तुम्ही म्हणता, कोणते विधी ठेवू आणि कोणते गाळू, याची यादी द्या.

यादी देता येईल, पण ती घेऊन तुम्ही घरी गेलात की पहिल्याच ओळीवर वाद सुरू होईल. मी पुण्यात लग्नांची व्यवस्था बघते. कार्यालय ठरवण्यापासून पाठवणीच्या गाडीपर्यंत सगळं आमच्याकडे असतं. विधी गाळले म्हणून रुसलेली घरं मी नेहमी बघते, आणि त्यांतली फार थोडी त्या विधीसाठी रुसलेली असतात. आपल्याकडे बहुतेक प्रत्येक विधीला एक माणूस बांधलेला आहे. मामा मुलीला बोहल्यावर आणतो. भाऊ होमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नंतर नवरदेवाचा कान पिळून पोशाख वसूल करतो. करवली कऱ्हा घेऊन मागे उभी राहते. सासू सूनमुख बघते. विधी गाळला की तो माणूस लग्नात नुसता पाहुणा उरतो. जेवला, पाकीट दिलं, निघाला. राग येतो तो याचा, आणि तो तसा बोलून दाखवता येत नाही म्हणून ‘आपल्यात असं करत नाहीत’ या वाक्यातून बाहेर पडतो.

म्हणून मी जोडप्यांना वहीत विधींऐवजी आधी माणसं लिहायला सांगते. दोन्ही आया, तुमचे बाबा, दोन्हीकडचे मामा, भाऊ-बहिणी, त्याचे काका-काकू, आत्या, आजी-आजोबा, आणि ज्या मैत्रिणीशिवाय तुमचं पान हलत नाही ती मैत्रीण. प्रत्येकासमोर लिहा: हा माणूस कोणत्या क्षणी, सगळ्यांच्या देखत, काय करणार आहे? ज्याच्यासमोर काहीच नाही, त्याच्यासाठी विधी शोधा. ज्या विधीसमोर कोणीच नाही, तो गाळायला मोकळे आहात. तुमचे मोठे मामा आणि धाकटे मामा दोघंही येणार असतील तर बोहल्यावर कोण आणणार, ते आत्ताच ठरवा. लग्नाच्या सकाळी तो प्रश्न निघाला की सनई चालू आणि नवरी खोलीत अडकलेली, असं होतं.

आता कन्यादान. कायद्याचं आधी उरकते. तुम्ही दोघं हिंदू असाल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. त्याच्या ७व्या कलमाप्रमाणे दोघांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रीतीने लग्न लावता येतं. तुमच्यासारख्या आंतरजातीय लग्नात हे माहीत असलेलं बरं, कारण ‘दोन्हीकडचं सगळं झालंच पाहिजे’ असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. रीतीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. कन्यादान त्यासाठी लागत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे स्पष्ट म्हटलं आहे. उलट त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं तर या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. तेव्हा कन्यादान गाळलंत तरी चालेल, सप्तपदी मात्र घाईत गुंडाळू देऊ नका.

पण आई कायद्यासाठी रडत नाहीये. कन्यादानात प्रत्यक्ष काय होतं ते जवळून आठवून बघा. आई-बाबा जोडीने पाटावर बसतात. खाली काशाचं ताट. बाबांची ओंजळ, तिच्याखाली तुमची, त्याखाली नवरदेवाची, आणि आई भांड्यातून पाण्याची धार सोडत असते. ती धार तुटू नये म्हणून आईचा हात किती जपून चाललेला असतो, ते मी दर लग्नात बघते. तिच्यासाठी एवढं बसणं हेच लग्न असतं. मुलीच्या आईला दिवसभरात सगळ्यांच्या नजरेसमोर निवांत बसायला मिळतं ते बहुधा याच वेळी. बाकी वेळ ती किल्ल्या, साड्या आणि विहिणीचं चहापाणी बघत फिरत असते. तुम्ही ‘कन्यादान नको’ म्हणता तेव्हा तिच्या कानावर ‘तुझं बसणं नको’ असं पडतं.

दुसरी गोष्ट बहुतेक मुलींना ठाऊक नसते. याच विधीत वडील नवरदेवाकडून वचन घेतात: धर्मात, अर्थात आणि कामात हिला डावलून पुढे जायचं नाही. तो तीनदा ‘नातिचरामि’ म्हणतो. विधी अख्खा काढलात तर हे वचनही त्याच्याबरोबर जातं. मला विचाराल तर लग्नातली ही सर्वांत मोलाची वाक्यं आहेत आणि ती आपण कोणी ऐकत नाही, कारण तेव्हा फोटोग्राफर ‘काका, इकडे बघा’ म्हणत असतो.

म्हणून मी सुचवेन ते असं. दोन्ही बाजूंचे पालक एकत्र बसू द्या. पाण्याची धार दोन्ही आयांनी मिळून सोडावी आणि ती तुम्हा दोघांच्या जोडलेल्या ओंजळीवर पडावी. दानाचा संकल्प गाळा. वचन ठेवा, आणि ते दोघांनी एकमेकांना द्या. तोही म्हणेल, तुम्हीही म्हणाल. हे करणारे पुरोहित पुण्यात मिळतात. ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेले पुरोहित, त्यांत स्त्रियाही बऱ्याच, विधींचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात. तुमच्या घरचे पिढीजात गुरुजीच हवेत असा आग्रह असेल तर त्यांना आधी जाऊन भेटा. काही गुरुजी आनंदाने तयार होतात, काही ‘पोथीत आहे तेच करीन’ म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, दुसरे बघा. लग्नाच्या दिवशी बोहल्यावर त्यांचं मन वळवणं कोणालाच जमत नाही. त्यांना भेटायला जाताना आईला बरोबर न्या. ‘आई, तू इथे बसणार आहेस’ हे गुरुजींच्या तोंडून ऐकलं की निम्मा प्रश्न सुटतो.

दोन्ही घरं मुळात वेगळ्या वाटेला राजी असतील तर सत्यशोधक पद्धतही बघा. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजीशिवाय, फुल्यांच्या मंगलाष्टकांनी, वधूवरांनी एकमेकांना वचन देऊन असं लग्न लागतं. कोल्हापूरला, शाहू महाराजांच्या गावात, हे आजोबांच्या पिढीला नवं वाटायचं कारण नाही. जळगावच्या बाजूला ते कसं वाटेल ते तुम्हालाच विचारून बघावं लागेल.

त्याच्या आईचा प्रश्न मला कन्यादानापेक्षा मोठा वाटतो, कारण तिथे ती स्वतःच ‘मला नको पुढे बसवू’ म्हणेल. तिने उभा जन्म हळदी-कुंकवाला मागे राहण्यात काढलाय. तुम्ही सून म्हणून पुढाकार घेतलात तर ‘आतापासूनच’ अशी कुजबुज होईल. हे काम त्याचं आहे. त्याने काकांना आधी, एकटं, भेटून सांगावं. आईला पुढे आणताना काका-काकूंना मागे ढकलायचं नाही, त्यांनी वडिलांच्या जागी खूप केलेलं असतं. देवक त्यांच्या जोडीने बसू द्या, सीमांतपूजनाला व्याही म्हणून काका पुढे असू द्या. आणि आईसाठी तीन जागा राखा. पहिली हळद तीच लावेल. वर सांगितलेल्या पाण्याच्या धारेत ती असेल. आणि सूनमुख तिचंच. आरशात सुनेचा चेहरा बघून साखर भरवायची, ती सासूनेच, तिथे काकूचा संबंध येत नाही. नातेवाइकांपैकी कोणी शास्त्र काढलंच, तर तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारनेही बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. उदाहरणाने कोणाचं मन पालटतं असं नाही, पण चार माणसांत बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो.

एक व्यवहारी सूचना: पहिली हळद आईने लावायची हे माइकवरून जाहीर करू नका. मुलगा पाटावर बसला की त्याने हाक मारावी, ‘आई, ये.’ ती आली की झालं. भाषण केलं की ती अवघडते.

विधींचं एवढं ठरलं की वेळ. इथे माझं मत ठाम आहे: मुहूर्ताचं मिनिट ठरलं की तिथून मागे मोजत या. सकाळपासून पुढे मोजणारी माणसं हमखास उशीर करतात. तुमचा मुहूर्त समजा १२ वाजून २० मिनिटांचा आहे. म्हणजे पहिलं मंगलाष्टक १२ वाजून ८ मिनिटांनी सुरू व्हायला हवं. त्याआधी पाच मिनिटं नवरदेव पाटावर, अंतरपाट धरलेला. तुम्ही सव्वाअकराला गौरीहरापाशी बसलेल्या. म्हणजे मेकअप, केस आणि साडी अकराला संपलेलं, म्हणजे मेकअपवाली आठला हजर, म्हणजे तुमची अंघोळ सातला. आणि त्याच वेळी वऱ्हाडाच्या दहा खोल्यांनाही गरम पाणी हवं असतं. कार्यालय बघायला जाल तेव्हा झुंबरं कमी बघा आणि पहाटे पाचला गरम पाणी किती खोल्यांत येतं ते विचारा. जळगावहून आठ-नऊ तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला ते पाणी मिळालं नाही तर तुमच्या फुलांच्या कमानीचं त्याला काय!

मंगलाष्टकांत मुहूर्त हातचा जातो, तो असा. गुरुजींचं पहिलं झालं की एक आत्या पुढे येते. हातात छापलेला कागद, दोन्ही घराण्यांची नावं गुंफलेली आठ कडवी. तिच्यामागे दुसरी मावशी, तिच्यामागे शाळेतल्या गायनाच्या बाई. कोणाची चाल वर चढते, कोणाचा चश्मा सापडत नाही. लोकांच्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या होतात, पोरं त्या आधीच उधळून मोकळी होतात, आणि गुरुजी घड्याळाकडे बघत उभे. यावर उपाय सोपा आहे. घरच्या मंगलाष्टकांना तीन जणांची मर्यादा घाला, प्रत्येकी दोन कडवी, आणि ती आधी म्हणून घ्या. शेवटची सूत्रं गुरुजींच्या हातात हवीत. ‘तदेव लग्नं’ ते मुहूर्ताच्या मिनिटावर आणतात. ही तीन नावं लग्नाआधीच कळवा, म्हणजे चौथी व्यक्ती कागद घेऊन आली तर कोणाला नाही म्हणायची वेळ येत नाही. आणि माइक गुरुजींच्या जवळच राहील एवढं एका भावाला सांगून ठेवा.

दुसरा वेळखाऊ भाग साड्या बदलणं. गौरीहराला पिवळी साडी, बऱ्याच घरांत ती मामाकडची. मग विधींना शालू. मग फोटोसाठी नऊवारी. मग निघताना आणखी काहीतरी. एकेका बदलाला केसांसकट पाऊण तास धरा. अडीचशे माणसं जेवून पानसुपारी खाऊन नवरा-नवरीची वाट बघत बसलेली असतात आणि नवरी खोलीत पिना काढत असते. एक बदल पुरे. तुम्हाला नऊवारी नेसायचीच असेल तर ती विधींनाच नेसा, शालूचा हट्ट सोडा. आणि नेसवणारी बाई वेगळी सांगा, मेकअपवालीला ते धड येतंच असं नाही.

तिसरी अडचण रिकाम्या खुर्च्यांची. अक्षता पडल्या की माणसं जेवणाकडे वळतात, आणि ज्या सप्तपदीने लग्न पूर्ण होतं ती बघायला गुरुजी, फोटोग्राफर आणि एखादी पेंगणारी आजी उरते. लोकांना दोष देऊ नका, सकाळी सातला पोहे खाऊन बसलेली असतात. अडीचशेंना जेवू द्या. जवळच्या तीस-चाळीस जणांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही दुसऱ्या पंगतीला आहात, आणि होमाभोवती त्यांच्यासाठी खुर्च्या गोल मांडा. मावशीला ‘थांबशील का’ असं त्या गडबडीत विचारून ती थांबत नाही; आठवडाभर आधी फोन करून सांगितलं की हमखास थांबते. होमाचं कार्यालयाला आधी विचारा. वातानुकूलित हॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी होम पेटवू देत नाहीत, बाहेर व्हरांड्यात किंवा गच्चीवर करायला सांगतात. तसं असेल तर सावली आहे का, चाळीस खुर्च्या मावतात का, ते तिथे उभं राहून बघा.

तुम्ही दोघांनी सकाळी काहीतरी खा. उपास धरायचा असेल तर निदान दूध-केळं घ्या. नवरा-नवरीच्या ताटाभोवती रांगोळी आणि उदबत्ती लागेपर्यंत पावणेतीन होतात, आणि धुरापुढे बसून चक्कर येणं दिसतं तेवढं दुर्मीळ नाही.

तारखेबद्दल. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्नं लागली की मोसम उघडतो, आणि पुण्यातली चांगली कार्यालयं त्या पहिल्या मुहूर्तांना फार आधी भरतात. पुढे पौषात बरीच घरं लग्न करत नाहीत, त्यामुळे मधल्या थोड्या तारखांवर सगळ्यांची उडी पडते. घरच्यांचा पत्रिकेवर किती भर आहे त्यावर बाकीचं ठरेल. काढीव मुहूर्त, म्हणजे पंचांगातल्या ठरलेल्या तारखांबाहेर गुरुजींकडून काढून घेतलेला, चालत असेल, आणि तोही मंगळवार-बुधवारचा, तर तेच कार्यालय तुम्हाला निवांत आणि स्वस्तात मिळू शकतं. मात्र जळगाव-कोल्हापूरच्या पाहुण्यांना आठवड्याच्या मध्ये रजा मिळेल का, ते आधी पाच-सहा घरांना विचारून घ्या.

पैशाचं गणित थोडक्यात, कारण दर दरवर्षी बदलतात आणि माझे आकडे तुम्हाला लागू पडतीलच असं नाही. पद्धत सांगते. लग्नाचा खर्च माणसांच्या संख्येवर चालतो, बाकी सगळं त्याच्या मागे येतं. समजा दुपारचं ताट ७०० रुपये, हळदीचं रात्रीचं जेवण ४५० आणि सकाळचा नाश्ता १५०. दुपारी २५० माणसं म्हणजे १,७५,०००. मुक्कामी १२० धरली तर रात्रीचे ५४,००० आणि नाश्त्याचे १८,०००. एकूण २,४७,०००. आता दोन्ही घरांनी ‘फक्त पंधरा-पंधरा जास्त’ म्हटलं तर दुपारच्याच ताटात २१,००० वाढले, शिवाय त्यातली निम्मी मुक्कामी निघाली की खोल्या वाढल्या. म्हणून केटररला किमान ताटांची हमी देताना दोनशे-सव्वादोनशेवर थांबा आणि वरची ताटं मोजून द्यायचं ठरवा. ताटं कोणी मोजायची ते नाव ठरवा. मोजायला काका नकोत. सगळे त्यांनाच भेटायला येतात. एखादा मित्र ठेवा ज्याला कोणी ओळखत नाही.

कार्यालयाचा दर ऐकताना एवढं कागदावर घ्या: ताबा कधी मिळतो आणि कधी सोडायचा, वीज युनिटप्रमाणे की पॅकेजमध्ये, जनरेटरचं डिझेल कोणाचं, बाहेरचा केटरर चालतो का आणि चालत असेल तर त्यावर किती घेतात, जीएसटी धरून सांगितलंय का, आणि हळदीचे डाग पडले तर सफाईचे वेगळे किती. शेवटचं ऐकून लोक हसतात. गालिच्यावर सांडलेल्या हळदीचं बिल आलं की हसू मावळतं. हळद अंगणात किंवा फरशीवर करा, आणि रात्री दहाच्या आत गाणं बंद. दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि पोलिसांची गाडी आली तर मूड जातो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत.

नऊ लाख कमी नाहीत, पण सजावटीत सहज विरघळतात. स्टेजमागची फुलांची भिंत फोटोत नवरा-नवरीच्या मागे धूसर दिसते, तिथे हात आखडता घ्या. त्या पैशांत एक दिवसभराचा व्यवस्थापक नेमा. मी तोच व्यवसाय करते म्हणून सांगतेय असं वाटेल, तर घरातला एखादा खंबीर भाऊ असेल तर त्यालाही ते काम देता येतं. फक्त त्याने त्या दिवशी जेवण, फोटो आणि नाच विसरायचा.

जेवणावर मात्र दोन शब्द जास्त, कारण तिथे तुमची दोन घरं खऱ्या अर्थाने एकत्र येतात. हळदीच्या रात्री जळगावकरांची वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी ठेवा. खानदेशात लग्नघरी हे जेवण नसेल तर लोकांना चुकल्यासारखं होतं. पण पुण्यातल्या केटररला सांगताना नीट सांगा, नाहीतर तो ‘दालबाटी ना, करतो की’ म्हणून राजस्थानी गोळे भाजून आणतो. खानदेशी बट्टी आधी उकडायची, मग तिचे काप करून तळायचे. त्याच्या गावाकडचा आचारी एक दिवस येऊ शकत असेल तर त्याच्या प्रवासाचे पैसे द्या, ते वसूल होतात. दुपारी मात्र आपलं नेहमीचं: वरणभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा. दहा प्रकारचे काउंटर नकोत. रांग चाटपाशी लागते आणि भात उरतो. जमलं तर निदान दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची एक पंगत बसवा आणि तुम्ही दोघं त्यात जिलेबी वाढा, नाव घ्या. कोल्हापूरकर तांबडा-पांढरा विचारतीलच. बहुतेक कार्यालयांत मांसाहार चालत नाही, तेव्हा तो कार्यक्रम लग्नानंतर कोल्हापूरला.

आणि तसंही लग्नानंतर दोन्ही गावी जावंच लागेल. जळगावला सत्यनारायण आणि गावजेवण, मग त्यांचं कुलदैवत. खानदेशातल्या बऱ्याच घरांचं ते वणीला सप्तशृंगीवर असतं. हे आत्ताच जाहीर केलंत तर पुण्यातली यादी आपोआप कमी होते. ‘तुम्हाला गावच्या जेवणाला बोलावणार आहोत’ असं ऐकलं की गावातली निम्मी मंडळी चारशे किलोमीटर यायचा विचार स्वतःच सोडतात, आणि रागावतही नाहीत.

नाव बदलण्याचंही तुम्ही जाता जाता विचारलंय. ताटात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, तो विधी गाळला तर कोणाची जागा जात नाही, तेव्हा खुशाल गाळा. किंवा त्याने तुमचं आहे तेच नाव लिहावं. लोक हसतात आणि विषय संपतो. पॅन, पासपोर्टवर नाव बदलण्याची सक्ती नाही.

मग तुमच्या यादीपुरतं: देवक दोन्हीकडचं वेगळं, ज्याचं त्याने बसवावं. हळद, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टकं, पालकांची पाण्याची धार आणि वचन, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख ठेवा. ऐरणीदान, म्हणजे झाल, मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवण्याचा विधी, त्यात तुमच्याकडच्या बायकांचा जीव असेल तर ठेवा. नसेल तर सोडा. दानाचा संकल्प, नाव बदलणं आणि मानपानाचे आहेर गाळा. आहेर बंद करताना पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापणं पुरत नाही; दोन्ही घरांनी एकमेकांनाही द्यायचा नाही हे आधी बोलून घ्या, नाहीतर एक बाजू साड्या घेऊन येते आणि दुसरी अवघडते.

शेवटचं, नोंदणी. महाराष्ट्रात लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते, पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ती होते. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही लागते. ती सही लोक नंतर शोधत बसतात, आणि मोसमात गुरुजी आज साताऱ्यात तर उद्या ठाण्यात असतात. नोंदणीचा अर्ज आधीच भरून, लग्नपत्रिकेची एक जादा प्रत लावून, मंगळसूत्र आणि मुंडावळ्या असलेल्या त्याच पिशवीत ठेवा. दक्षिणा द्यायच्या वेळी गुरुजी खाली बसलेले असतात, पेन तुमच्या भावाच्या खिशात असतं. सही तिथेच घ्या.